गाडीचा सेट घेताना आधी त्याची मागची बाजू बघा

धुळ्यात पारोळा रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सेल्फ, अल्टरनेटर, हेडलाइट, वायरिंग ही रोजची कामं. गाडीत गाणी आणि रेडिओ वाजवणारा सेटही बसवतो, पण त्याहून जास्त वेळ जातो तो बसवलेले सेट नीट करण्यात. कुणाची बॅटरी रात्रीतून उतरते, कुणाचा पडदा मे महिन्यात काळा पडतो, कुणाला एफएम लागत नाही, कुणाला फोनवर समोरच्याचं ऐकू येतं पण त्याला आपलं काहीच कळत नाही. सेट घेताना काय बघायचं हे आधी माहीत असतं, तर यातल्या बहुतेक तक्रारी उद्भवल्याच नसत्या.

हे रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. शिरपूरहून धुळ्याला येणारे मास्तर, चोपडा-यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात फिरणारे व्यापारी, साक्री-नवापूरच्या मेडिकलला औषधं पोचवणारी पोरं. यांना गाडीत गाणं, बातम्या, फोन आणि रस्ता दाखवणारा नकाशा हवा असतो, आणि तो सेट पाच-सात वर्षं निमूट चालावा एवढीच अपेक्षा असते. मिरवणुकीत वाजवायचा साउंड हा वेगळा धंदा, त्यात मी इथे शिरत नाही.

दुकानात सेट नेहमी समोरून दाखवतात. नऊ इंची पडदा, रंगीत लाइट, चकचकीत काच. तुम्ही तो हातात घ्या आणि उलटा करा. सेट टिकणार की नाही ते मागच्या बाजूला कळतं.

पहिल्यांदा फ्यूज शोधा. तो मागे खोचलेला असतो किंवा पिवळ्या वायरवर छोट्या डबीत असतो, आणि त्यावर १० किंवा १५ असा आकडा असतो. तेवढे अँपिअर करंट तो सेट घेऊ शकतो. आता खोक्यावर बघा, '५० वॅट गुणिले ४' असं ठळक छापलेलं असेल. म्हणजे २०० वॅट. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. १० अँपिअर गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट, आणि त्यातलाही मोठा हिस्सा उष्णता होऊन जातो. मग २०० वॅट येणार कुठून? तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. सेटच्या आतल्या अँप्लिफायरमधून सतत मिळणारी खरी ताकद एका स्पीकरला १५ ते २० वॅटच्या आसपास असते. पुस्तिकेत 'आरएमएस' या नावाखाली जे लिहिलंय तेच धरायचं. रोजच्या वापराला तेवढं भरपूर होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जो सेट खोक्यावर ६० किंवा १०० वॅट गुणिले ४ लिहितो आणि मागे १० चा फ्यूज लावतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही मी विश्वास ठेवत नाही.

दुसरं बघायचं ते हीट सिंक, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारा मागचा ॲल्युमिनियमचा पट्ट्यापट्ट्यांचा भाग. चांगल्या सेटला तो जाड आणि वजनदार असतो. स्वस्तातल्या काही सेटना नुसता पातळ पत्रा वाकवून लावलेला असतो, तर कुठे नखाएवढा पंखा. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो. बाजार समितीच्या आवारात दुपारी दोन तास उभी राहिलेली गाडी उघडली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही, डॅशबोर्ड तर त्याहून तापलेला असतो. बऱ्याच कंपन्या पुस्तिकेत सेट ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहितात. बंद गाडीच्या डॅशबोर्डमध्ये आपण त्या मर्यादेपर्यंत जातोच, कधी ओलांडतोही. त्यात पुन्हा कपाशीच्या दिवसांत काळ्या मातीची धूळ उडते. ती छोट्या पंख्यात बसली की पंखा घरघरतो आणि मग थांबतो. पंखा थांबलेला सेट उन्हाळा काढत नाही. म्हणून बिनपंख्याचा, मोठ्या हीट सिंकचा सेट आपल्या भागाला बरा.

यावरून एक सल्ला सगळ्यांना देतो. सेट घ्यायचाच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. वॉरंटी बहुतेक वर्षाची असते. दिवाळीला घेतलेल्या सेटला पहिला उन्हाळा लागेपर्यंत अर्धी वॉरंटी सरलेली असते. मार्चमध्ये घेतला तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच त्याची परीक्षा होते, आणि कच्चा निघाला तर दुकानदाराकडे जायला तोंड असतं.

आता कोणत्या प्रकारचा घ्यायचा. बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली, एका पट्टीएवढा साधा सेट, ज्याला सिंगल डिन म्हणतात. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. यूएसबी, ब्लूटूथ, रेडिओ, गोल बटण. सीडीचा काळ गेला, त्यामुळे आत फिरणारा एकही भाग नाही. दुसरी, नावाजलेल्या कंपनीचा टच स्क्रीन, दुप्पट उंचीचा म्हणजे डबल डिन, ज्यात अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले चालतं, म्हणजे फोनमधला नकाशा आणि गाणी सेटच्या पडद्यावर येतात. पायोनियर, सोनी, केनवूड, जेव्हीसी या कंपन्यांचे असे सेट मिळतात. तिसरी, नऊ-दहा इंची 'अँड्रॉइड सेट', म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेटच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीत गिऱ्हाइकाची हमखास गल्लत होते. अँड्रॉइड ऑटोमध्ये सगळं डोकं तुमच्या फोनचं असतं, सेट फक्त पडदा आणि स्पीकर पुरवतो. फोन बदलला, नवा आला, की नकाशाही नव्या वेगाने चालतो. अँड्रॉइड सेटमध्ये मात्र स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी. आज चांगला पळतो, तीन वर्षांनी ॲप जड होतात आणि तो ढिम्म होतो. स्वस्त सेटमध्ये तर सेटिंगमध्ये दिसणारी मेमरी आणि अँड्रॉइडची आवृत्तीही खोटी घातलेली असते. ती ओळखायची सोपी रीत सांगतो. दुकानातच नकाशा लावा, मागे गाणं चालू ठेवा आणि त्याच वेळी रिव्हर्स कॅमेरा चालू करून दाखवा म्हणा. कॅमेऱ्याचं चित्र ताबडतोब यायला हवं. दोन-तीन सेकंद पडदा काळा राहिला तर तो सेट परत ठेवा. मागे लेकरू आहे की नाही हे कळायला तेवढा उशीर परवडत नाही.

माझी निवड विचाराल तर जुन्या गाडीला साधा सिंगल डिन आणि फोनसाठी एक घट्ट स्टँड, नव्या गाडीला कंपनीचा अँड्रॉइड ऑटोवाला. आणि दोन्हीकडे एक अट, आवाजासाठी खरंखुरं फिरणारं बटण हवं. काचेवर बोट घासून आवाज कमी करायचा म्हणजे बघावं लागतं. कोंडाईबारी घाटात पुढे-मागे ट्रक असताना ६० च्या वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. गोल बटण न बघता हाताला सापडतं. ज्या सेटला तसं बटण नाही, त्याला निदान गाडीच्या स्टिअरिंगवरची बटणं जोडता येतात का हे विचारा आणि बसवताना ती जोडूनच घ्या.

नेटवर्कचाही विचार करा. तळोद्याकडून चांदसैली घाट चढून धडगावला जाताना, किंवा तोरणमाळच्या रस्त्याला, फोनची रेंज येते-जाते. तिथे ऑनलाइन गाणी थांबतात आणि नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर तोही. म्हणून पेन ड्राइव्ह हवाच. तो ३२ जीबीचा, एफएटी ३२ फॉरमॅटचा ठेवा. कॉम्प्युटरवर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये भरलेला पेन ड्राइव्ह बरेच सेट वाचत नाहीत आणि गिऱ्हाइकाला वाटतं यूएसबी खराब आहे.

रेडिओबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, पण खेडोपाडी फिरणारा माणूस तो ऐकतो. आकाशवाणी जळगाव लावून शेतीचे कार्यक्रम ऐकणारी माझी कितीतरी गिऱ्हाइकं आहेत. एक तर अनेक नव्या सेटमध्ये एएम हा प्रकारच नसतो. डोंगरापलीकडे एफएम लवकर तुटतं, एएम लांबवर पोचतं, त्यामुळे सातपुड्याच्या कडेने फिरणाऱ्याने ते विचारून घ्यावं. दुसरं, बाहेरून आलेल्या सेटमध्ये रेडिओचा विभाग अमेरिका असा लावलेला असतो. मग एफएमची सुई एकदम ०.२ ने उडी मारते आणि मधली स्टेशनं लागतच नाहीत. सेटिंगमध्ये विभाग आशिया किंवा युरोप केला की प्रश्न मिटतो. रेडिओ न लागण्याचं आणखी एक कारण निळी वायर, ते पुढे सांगतो.

आवाज कसा तपासायचा? दुकानदार त्याचा ठरलेला पेन ड्राइव्ह लावतो, धडधड बेस असलेलं गाणं, आणि काच थरथरली की गिऱ्हाईक खूश. त्यातून काही कळत नाही. तुमचा पेन ड्राइव्ह न्या. त्यात एक कीर्तन किंवा भाषण असू द्या, एक कानबाईचं, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीचं गाणं, आणि एक असं गाणं जे तुम्हाला पाठ आहे. बेस आणि ट्रेबल दोन्ही शून्यावर आणा, लाऊडनेस म्हणजे आवाज आपोआप फुगवणारं बटण बंद करा, मग ऐका. शब्दन् शब्द कळायला हवा. मागे सोनगीरचे एक बाबा जुनी गाडी घेऊन आले होते. सेट नवा कोरा. म्हणाले, "आवाज मोठा येस, पण बोल समजत नही." सेट ठीक होता. पुढच्या दाराच्या स्पीकरचा कागद कडेने फाटला होता, आणि सेटवाल्याने ते झाकायला बेस वाढवून दिला होता. स्पीकरची जोडी बदलली, बेस शून्यावर आणला, आणि बाबा तिथेच गाडीत बसून गाणं संपेपर्यंत उतरले नाहीत.

म्हणून पैसे मोजके असतील तर साधा सेट आणि पुढच्या दारांना चांगले स्पीकर अशी वाटणी करा. महागडा पडदा आणि गाडीबरोबर आलेले जुने स्पीकर ही वाटणी उलटी आहे. स्पीकर ४ ओहमचे घ्या, सेटच्या पुस्तिकेत तसंच लिहिलेलं असतं. मागचे स्पीकर नंतर बघता येतील, चालवणाऱ्याला पुढचेच ऐकू येतात. पुढेमागे वेगळा अँप्लिफायर लावायचा विचार असेल तर सेटच्या मागे प्रीआउटची, म्हणजे त्या अँप्लिफायरला आवाज पोचवणारी गोल पिनं आहेत का आणि ती किती व्होल्टची आहेत तेवढं बघून ठेवा. २ व्होल्ट चालतात, ४ असतील तर उत्तम.

आता वायरिंग. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण चांगला सेटही वाईट जोडणीने बदनाम होतो.

सेटला दोन प्लस लागतात. पिवळी वायर बॅटरीचा कायमचा करंट घेते, घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल वायर चावी फिरवल्यावर मिळणारा करंट घेते, सेट चालू-बंद करायला. घाईत काम करणारा माणूस दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटवर टाकतो, कारण मग चावीची वायर शोधावी लागत नाही. सेट वाजतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. पण सेट कधी पूर्ण बंदच होत नाही. अँड्रॉइड सेट तर झोपल्यासारखे दिसतात आणि आत जागे असतात. चावी काढलेल्या गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट खावा. सेटमुळे तो २०० झाला तर दिवसाला जवळजवळ ५ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. लग्नाला चार दिवस गावी गेलात, गाडी दारात उभी, की परत आल्यावर सेल्फ नुसता टक टक करतो. लोक बॅटरी बदलतात. नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच होते.

हे मोजायला दहा अँपिअरपर्यंत करंट मोजणारा मल्टिमीटर लागतो. गाडी बंद, चावी काढलेली, बॉनेट उघडं, दारं लॉक. बॅटरीची मायनस क्लिप सैल करून बाजूला करायची, आणि मीटर क्लिप व मायनसच्या मध्ये लावायचा. पहिल्यांदा आकडा मोठा दिसतो, घाबरू नका. गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. आकडा उतरत उतरत एका जागी थांबतो, तो खरा. मग सेटचा फ्यूज काढायचा. आकडा धाडकन खाली आला तर चोर सापडला. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फचा करंट मीटर जाळतो. हे काम तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून करून घ्या, सेट बसवल्याच्या दिवशीच.

निळी वायर बऱ्याच गाड्यांमध्ये अँटेनाला करंट देते. छतावरच्या आखूड अँटेनात छोटा बूस्टर असतो, त्याला करंट मिळाला नाही तर एफएम फक्त खरखरतं. सेट बदलल्यावर रेडिओ बिघडला, असं कुणी म्हणालं की मी आधी तीच वायर बघतो. बहुतेक वेळा ती टेप गुंडाळून सोडून दिलेली असते.

स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधीही अर्थ करायची नाही, आजच्या सेटचा अँप्लिफायर त्याने जळतो. सेटची काळी वायर मात्र बॉडीला रंग खरवडून, स्क्रूखाली घट्ट बसायला हवी. ती ढिली असली की ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज चढत जातो. आणि हँडब्रेकची वायर. ती हँडब्रेकला जोडलेली असते, म्हणून चालत्या गाडीत पडद्यावर व्हिडिओ लागत नाही. दुकानदार आपणहून ती अर्थ करून देतो आणि वर सांगतो, "बघा साहेब, आता चालताना पण पिच्चर दिसेल." तसं करू देऊ नका. चालवणाऱ्यासमोर पिच्चर नको, यात माझ्याकडे दुसरं मत नाही.

गाडीची मूळ वायर कापायला नाही म्हणा. जवळजवळ प्रत्येक गाडीसाठी तयार कपलर मिळतो, एक तोंड गाडीच्या सॉकेटला, दुसरं सेटला. त्याला थोडे पैसे जास्त लागतात, पण गाडीच्या वॉरंटीवर बोट ठेवायला जागा राहत नाही आणि गाडी विकताना जुना सेट अर्ध्या तासात परत बसतो. सेटभोवतीची फ्रेमही त्याच गाडीची घ्या. कानस मारून बसवलेली फ्रेम आपल्या रस्त्यांवर सहा महिन्यांत किरकिरते.

फोनचा माइक सेटमध्येच असेल तर शक्यतो बाहेरून लावायचा वायरवाला माइक मिळतो का बघा. तो ऊन अडवायच्या झडपेजवळ किंवा स्टिअरिंगच्या मागे लावायचा, एसीच्या जाळीपासून लांब. तपासताना इंजिन चालू, एसी चालू, आणि मगच घरी फोन लावा. समोरच्याला विचारा, बोलणं स्पष्ट येतंय का. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली चालवताना हातात फोन धरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं, पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ब्लूटूथ नीट असेल तर तो प्रश्न येत नाही. तरी लांबचं बोलणं असेल तर ढाब्यावर थांबून बोला.

बिलाबद्दल थोडक्यात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सेटचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि तो सेटवरच्या स्टिकरशी जुळतोय का ते बसवण्याआधी बघा. वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे तोंडी न ऐकता बिलावर लिहून मागा. कंपनीची असेल तर दुरुस्ती कुठे होते तेही विचारा. सेट दुरुस्तीला नाशिकला किंवा मुंबईला जाणार असेल तर तेवढे दिवस तुमच्या गाडीत भोक राहणार, हे धरून चला. जुना सेट काढून घेतला असेल तर तो याच वेळी कामाला येतो, म्हणून दुकानात सोडून येऊ नका.

पैसे देण्याआधी गाडीत बसा. हेडलाइट लावा, सेटचा उजेड मंद होतो का बघा. तो झाला नाही तर नारंगी वायर जोडायची राहिली आहे, आणि रात्री चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना तो पडदा डोळ्यांवर येईल. रिव्हर्स टाका, कॅमेरा बघा. आवाज डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे फिरवून चारही स्पीकर आपापल्या जागी वाजतात का ऐका. एफएमची तीन-चार स्टेशनं साठवा, गाडी बंद करून चावी काढा, पाच मिनिटांनी पुन्हा लावा. स्टेशनं जागेवर असली पाहिजेत. सेल्फ मारताना सेट बंद पडून पुन्हा पहिल्यापासून चालू होत असेल तर तेही आत्ताच दाखवा, बॅटरी किंवा जोडणी कमजोर आहे. मग एक आठवडा नेहमीसारखी गाडी चालवा, खड्ड्यांतून, उन्हातून, आणि पुन्हा दुकानात जाऊन फ्रेमचे स्क्रू आणि अर्थची वायर एकदा आवळून घ्या.